नियमातील ‘तो’ आणि कॉर्नेलिया सोराबजी



बंगळूरच्या आग्नेयेस बेळ्ळंदूर नावाचा भाग आहे. पूर्वी हे तळ्याकाठचे शेतकऱ्यांचे गाव होते. आता तेथे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती, उंच सदनिका आणि बाहेरगावच्या मुलामुलींच्या खोल्या यांची दाटी झाली आहे. २०१७ व २०१८ मध्ये एका तळ्याला आग लागल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील, तेच हे बेळ्ळंदूर. पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या कामानिमित्त मी येथे राहते. रविवारी संध्याकाळी काही मराठी मुले-मुली आमच्या घरी प्रार्थनेला जमतात. प्रार्थना अर्धा तास चालते आणि पोह्यांच्या बशा हाती आल्यावर गप्पा दोन तास.

मागे एका रविवारी त्यांतील एक मुलगी फार गप्प होती. कायद्याची विद्यार्थिनी, नाशिककडची. विचारल्यावर तिने सांगितले, की तिच्या महाविद्यालयाचे ग्रंथालय मुलांसाठी रात्री अकरापर्यंत उघडे असते, मुलींनी मात्र सात वाजता वसतिगृहात परतले पाहिजे. परीक्षा एकच, पुस्तके तीच, पण पुस्तकांपाशी बसण्याचे तास निरनिराळे. अधिकाऱ्यांकडे गेल्यावर उत्तर मिळाले, की हे सारे मुलींच्या काळजीपोटी केले आहे. मुलींच्या वतीने बोलेल असे निवडून आलेले विद्यार्थी मंडळही तेथे नाही. विद्यार्थ्याला खरोखर हक्क असतात की नुसत्या सवलती, असे तिने मला विचारले. परीक्षेच्या दिवसांपुरती आपल्याला व आपल्या दोन मैत्रिणींना रात्री बसू द्यावे, असा एक अर्जही तिने लिहून आणला होता.

मी कायदा शिकलेली नाही. माझे शिक्षण ईशविज्ञानाचे आणि व्यवसाय शब्दांचा. पण तिच्या प्रश्नाचा ज्यांच्या आयुष्याशी निकटचा संबंध आहे अशा एका नाशिककर बाईंची हकिकत मी तिला सांगितली. हिंदुस्थानातील पहिल्या स्त्री वकील म्हणून कॉर्नेलिया सोराबजी हे नाव तिला ठाऊक होते. वकिलीच्या आधीची विद्यार्थिनी मात्र तिला ठाऊक नव्हती. आपल्यापैकीही पुष्कळांना ती ठाऊक नसेल, म्हणून ती हकिकत येथे पुन्हा सांगते.

कॉर्नेलियाचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेदजी हे मूळचे पारशी. ऐन तारुण्यात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आपल्या समाजाचा रोष पत्करला आणि पुढे चर्च मिशनरी सोसायटीच्या कामात आयुष्य वेचले. आई फ्रान्सिना ही दक्षिणेकडील घराण्यात जन्मलेली आणि फोर्ड नावाच्या इंग्रज दांपत्याने दत्तक घेऊन वाढवलेली. त्या लेडी फोर्ड यांच्या नावावरूनच मुलीचे नाव कॉर्नेलिया ठेवण्यात आले. बालपणाची काही वर्षे बेळगावात गेली आणि नंतर हे कुटुंब पुण्यास स्थायिक झाले. तेथे फ्रान्सिनाबाईंनी १८७६ मध्ये व्हिक्टोरिया हायस्कूल काढले. त्या शाळेत इंग्रज, पारशी, हिंदू, मुसलमान अशी सर्व घरांतील मुले एकत्र शिकत. घरात मुलीच मुली आणि एकच भाऊ, पण मुलींना कमी लेखण्याची रीत त्या घरात नव्हती. सुसी सोराबजी यांनी पुढे पुण्यात सेंट हेलेनाज ही शाळा उभारली, तर ॲलिस डॉक्टर झाल्या आणि वायव्य सरहद्दीवरील बन्नू येथे त्यांनी रुग्णसेवा केली.

कॉर्नेलियाबाईंनी स्वतः लिहून ठेवलेली बालपणाची एक आठवण आहे. आईकडे काठेवाडातील एक श्रीमंत विधवा मदत मागण्यासाठी आली. बाई पडद्यात राहणारी. तिच्या कारभाऱ्याने तिच्याकडून एका कोऱ्या कागदावर सही घेतली आणि नंतर त्यावर हवा तो मजकूर लिहून तिची मिळकत गिळंकृत केली. कोणत्या वकिलाकडे जावे? वकील सारे पुरुष, आणि परपुरुषासमोर तिला येता येत नव्हते. अशा बायांना मदत करावयाची असेल तर कायदा शीक, असे आईने लेकीला सुचवले. लेक तेव्हा लहान होती, पण तिने ते मनाशी धरले.

कायदा शिकावयाचा तर आधी विद्यापीठात शिरले पाहिजे. आणि येथे, वाचकहो, माझ्या व्यवसायातील एका लहानशा शब्दाशी गाठ पडते.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. त्याचे नियम इंग्रजीत होते आणि उमेदवारासाठी त्यांत सर्वत्र ‘तो’ या अर्थाचे सर्वनाम वापरलेले होते. मुलींनी प्रवेश परीक्षेस बसण्याची परवानगी मागितली, तेव्हा नियमातील ‘तो’ म्हणजे पुरुष असा अर्थ करून त्यांना परत पाठवण्यात आले. कॉर्नेलियाच्या थोरल्या बहिणींनाही या कारणाने दार बंद झाले होते. वडिलांनी खटपट सोडली नाही. अखेर १८८३ मध्ये विद्यापीठाने असे ठरवले, की आपल्या नियमांतील ‘तो’ या शब्दाने पुरुष व स्त्री या दोहोंचा बोध व्हावा. नियमातील एक अक्षरही बदलले नाही, बदलला तो वाचण्याचा रिवाज. तेवढ्याने दार उघडले.

भाषांतराच्या टेबलावर आम्हांला असल्या शब्दांशी रोज झगडावे लागते. मूळ ग्रीकमध्ये व्याकरणाने पुल्लिंगी असलेला शब्द अर्थाने सर्व माणसांना कवेत घेतो, आणि मराठीत आणताना ‘जो कोणी’ म्हटले की क्रियापदही मुकाट्याने पुल्लिंगी होऊन बसते. पौलाच्या पत्रांतील ‘अदेल्फॉय’ या हाकेचे भाषांतर ‘बंधूंनो’ करावे की ‘बंधुभगिनींनो’, यावर आमच्या समितीत एक अख्खी दुपार गेलेली मला आठवते. जुने-जाणते सदस्य म्हणत, की ‘बंधूंनो’ मध्ये भगिनी आल्याच. येत असतीलही. पण मी ज्या काळी ईशविज्ञानाच्या पदवीसाठी अर्ज केला, तेव्हा एका संस्थेच्या छापील अर्जात उमेदवाराच्या पत्नीचे नाव लिहिण्याची जागा होती, पतीच्या नावाची नव्हती. मी ती जागा कोरी सोडली. अर्ज अपूर्ण आहे असा शेरा मारून तो परत आला. असो.

कॉर्नेलिया वयाच्या सोळाव्या वर्षी प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाली. टिळक आणि आगरकर थोड्याच वर्षांपूर्वी त्याच कॉलेजातून बाहेर पडले होते. येरवड्याच्या त्या दगडी इमारतीत ती एकटीच मुलगी, बाकी सारे पुरुष. विद्यापीठाने दार उघडले होते, पण वर्गाचे दार सहाध्यायी तिच्या तोंडावर लावून घेत. तिने वर्गात येऊ नये अशी त्यांची इच्छा होती, आणि ती रोज येतच राहिली. शेवटच्या परीक्षेत ती प्रथम वर्गात आली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली.

तिचे यश साधे नव्हते. पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्लंडमधील विद्यापीठात शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. ती कॉर्नेलियाला मिळावयास हवी होती. ती नाकारण्यात आली, आणि कारण एकच, की ती स्त्री होती. येथे पुन्हा तोच ‘तो’ आडवा आला. तिने गुण मिळवले होते, नियमातील अट पूर्ण केली होती, पण नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अशी विद्यार्थिनी कधी आलीच नव्हती, म्हणून तिच्या गुणांचे फळ दुसऱ्याच्या पदरी गेले. गुणवत्तेला आपोआप न्याय मिळतो असे आपण मुलांना सांगत असतो. मला आता ते तितक्या खात्रीने सांगवत नाही.

काही काळ तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवले. तेथील विद्यार्थी पुरुषच होते, आणि शिकवणारी विशी नुकतीच ओलांडलेली. इकडे इंग्लंडमध्ये लेडी मेरी हॉबहाउस यांनी तिच्यासाठी निधी जमवण्यास आरंभ केला. वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचेही नाव होते. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डला सोमरव्हिल हॉल या स्त्रियांच्या संस्थेत दाखल झाली. हक्काने मिळावयाचे होते ते आता सहृदय माणसांच्या दानातून मिळाले. त्या दात्यांचे ऋण तिने जन्मभर मानले, आणि ते मानणे योग्यच होते. मात्र दान आणि हक्क यांतील भेद तिला तेव्हा जितका कळला असेल तितका ऑक्सफर्डमधील कोणत्याही प्राध्यापकाला कळला नसेल, असे मला वाटते.

ऑक्सफर्डमधील स्त्रियांची त्या काळची अवस्था आज वाचताना चमत्कारिक वाटते. सोमरव्हिल १८७९ मध्ये सुरू झाले होते. १८८४ पासून काही परीक्षा स्त्रियांना खुल्या झाल्या होत्या. व्याख्यानाला जाताना सोबत एखादी प्रौढ बाई असावी असा दंडक होता. परीक्षा देता येई, निकाल कळे, पण पदवी मिळत नसे, कारण त्या विद्यापीठाच्या सभासदच नव्हत्या. घरात राहावयाचे, जेवावयाचे, पण शिधापत्रिकेवर नाव नाही, असा तो प्रकार होता.

येथे बेंजामिन जॉवेट यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्याविना पुढे जाववत नाही. ते बेलिअल कॉलेजचे प्रमुख आणि प्लेटोचे भाषांतरकार. शास्त्राच्या अर्थविवरणावर १८६० मध्ये त्यांनी लिहिलेला निबंध ईशविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासावा लागतो. त्यांची मते धर्ममंडळातील पुष्कळांना पाखंडी वाटली, आणि ग्रीकचे प्राध्यापक असूनही वर्षानुवर्षे त्यांना केवळ ४० पौंड वार्षिक वेतनावर ठेवण्यात आले. ते वेतन वाढले १८६५ मध्ये. आपल्या विचारांबद्दल किंमत मोजलेला हा वृद्ध गुरू कॉर्नेलियाच्या पाठीशी उभा राहिला. ऑल सोल्स कॉलेजचे प्रमुख सर विल्यम ॲन्सन यांनी १८९० मध्ये तेथील कॉड्रिंग्टन ग्रंथालय तिला वाचनासाठी खुले केले. त्या ग्रंथालयात प्रवेश मिळालेली ती पहिली स्त्री होय. माझ्या बेळ्ळंदूरच्या श्रोत्या मुलीने हे ऐकून मान वर केली. ग्रंथालयाची गोष्ट निघाली की तिचे कान टवकारतात.

कॉर्नेलियाला हवी होती ती बी.सी.एल. ही कायद्याची वरची परीक्षा. ती आजवर कोणाही स्त्रीने दिलेली नव्हती. तिची पहिली अडचण अशी, की ही परीक्षा स्त्रियांना खुली असल्याचा नियमच नव्हता. दुसरी अडचण अशी, की एखाद्या बाजूच्या खोलीत घेतलेल्या खाजगी स्वरूपाच्या परीक्षेने तिचे काम भागणार नव्हते. हिंदुस्थानात परतल्यावर न्यायाधीशांसमोर उभे राहावयाचे, तर पुरुष देतात तीच परीक्षा, त्याच प्रश्नपत्रिका आणि तेच परीक्षक हवेत, असा तिचा आग्रह होता. स्नेह्यांनी अर्जविनंत्या केल्या. अखेर १८९२ मध्ये विद्यापीठाच्या अध्यापकांच्या सभेने खास ठराव करून कॉर्नेलिया सोराबजी यांना परीक्षेस बसण्याची अनुज्ञा दिली. ती बसली आणि तिसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाली. तिला त्याचे वाईट वाटले. पण उत्तीर्ण होऊनही पदवी नाहीच. पदवीदान समारंभात तिच्याबरोबरचे पुरुष विद्यार्थी झगे घालून पुढे गेले, तिचे नाव कोणी पुकारले नाही.

त्या ठरावाचे स्वरूप ध्यानात घ्यावे, वाचकहो. तो एका व्यक्तीपुरता होता. त्याने स्त्रियांना परीक्षेचा हक्क मिळाला नाही, कॉर्नेलिया नावाच्या एका बाईला मोकळीक मिळाली. तिच्या मागून दुसरी आली असती तर तिला पुन्हा पहिल्या पायरीपासून अर्ज करावा लागला असता. गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादच्या पाच मुलींची हकिकत आहे. बाप मेला, भाऊ नाही, आणि वाटणीच्या नियमात मुलींचे नाव नाही. त्या पाचजणी मोशे, याजक आणि सर्व मंडळी यांच्यासमोर दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला वाटा मागितला. मोशेने प्रश्न परमेश्वरापुढे नेला. मुलींचे म्हणणे मान्य झाले, आणि तेवढ्यावर न थांबता तो साऱ्या इस्राएलासाठी विधी ठरला. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा यांना मिळाले ते त्यांच्यानंतरच्या अनोळखी मुलींनाही मिळाले. ऑक्सफर्डच्या सभेत ईशविज्ञानाचे पंडित थोडे नव्हते. त्यांना हा अध्याय पाठ असणार. (पुढे छत्तिसाव्या अध्यायात वंशातील वडीलधारी मंडळी येऊन मुलींच्या विवाहावर अट घालवून घेतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मिळालेल्या हक्काला मागाहून कुंपण पडते, हा अनुभव जुना आहे.)

आता कोणी म्हणेल, की हे सारे अधिकाऱ्यांमुळे झाले, कारभार विद्यार्थ्यांच्या हाती असता तर असे घडले नसते. मलाही तरुणपणी असेच वाटे. परंतु डेक्कन कॉलेजातील वर्गाचे दार कोणी लावले होते? कोणा अधिकाऱ्याने नव्हे. १८९७ मध्ये केंब्रिजला स्त्रियांना पदवी देण्याचा प्रश्न मतास आला, तेव्हा विरोधासाठी रस्त्यात जमलेली गर्दी मुख्यतः विद्यार्थ्यांची होती. सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा त्यांनी चौकात टांगला होता. प्रस्ताव पडला, आणि केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये. ऑक्सफर्ड युनियन ही तर विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली वादसभा. तिचे अध्यक्ष, चिटणीस, निवडणुका सारे विद्यार्थ्यांचे, आणि तेथे तयार झालेली माणसे पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाली. ऑक्सफर्ड विद्यापीठाने स्त्रियांना १९२० मध्ये सभासदत्व व पदवी दिली, परंतु विद्यार्थ्यांच्या त्या स्वशासित सभेने स्त्रियांना पूर्ण सभासद करून घेतले ते १९६३ मध्ये. विद्यापीठाच्या वृद्ध गुरुजनांनंतर त्रेचाळीस वर्षांनी!

म्हणून विद्यार्थ्यांचे स्वशासन नकोच, असे मी म्हणत नाही. कर्नाटकात १९८० च्या दशकाच्या अखेरीस महाविद्यालयीन निवडणुका बंद करण्यात आल्या. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका जाऊन गुणवत्तेवरून प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली, आणि निवडणुकांची तरतूद पुन्हा झाली ती २०१६ च्या कायद्यात. मारामाऱ्या, पैसा, पक्षांची ढवळाढवळ ही कारणे खोटी नव्हती. पण ज्या विद्यार्थिनीला सात वाजता ग्रंथालयातून उठवले जाते, तिने आपले गाऱ्हाणे कोणाच्या तोंडून मांडावे, हा प्रश्न निवडणुका बंद केल्याने सुटत नाही. आणि विद्यार्थी मंडळ असले तरी त्याने तिच्या बाजूने मत दिले पाहिजे, हा दुसरा प्रश्न उरतोच. २०१९ मध्ये केरळात वसतिगृहातील मोबाइलबंदीला विरोध केल्याबद्दल एका विद्यार्थिनीला वसतिगृहाबाहेर काढण्यात आले होते. उच्च न्यायालयाने तिला परत घेण्याचा आदेश दिला आणि इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. तिला विद्यार्थी मंडळापेक्षा न्यायालय जवळचे वाटले, यात तिचा दोष नाही.

कॉर्नेलियाबाई १८९३ मध्ये स्वदेशी परतल्या. पुढील हकिकत मी भराभर सांगते, कारण ती इतरत्र वाचावयास मिळते. १८९६ मध्ये पुण्यात खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीची बाजू त्यांनी न्यायालयात मांडली. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एल्‌एल.बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या, तरी सनद मिळाली नाही. संस्थानांत मात्र कधी कधी उभे राहता येई. एका राजापुढे त्यांनी चक्क एका हत्तीची वकिली केली आणि राजाच्या कुत्र्याला वकीलबाई आवडल्या म्हणून निकाल त्यांच्या बाजूने लागला, अशी मौजेची आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. हसू येते खरे, पण राजाच्या कुत्र्याला पटलेली गोष्ट उच्च न्यायालयाला पटावयास आणखी वीस वर्षे लागली.

१९०४ मध्ये बंगाल सरकारच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये त्यांची नेमणूक झाली. पडदानशीन विधवा व अज्ञान वारस यांच्या मिळकतींची देखरेख करणारे हे खाते. जवळजवळ दोन दशके त्या नावेतून, पालखीतून, हत्तीवरून आडगावच्या वाड्यांत जात राहिल्या. सुमारे ६०० स्त्रिया व मुले यांना त्यांनी मदत केली असे सांगतात. काठेवाडच्या त्या विधवेने आईच्या बैठकीत जे मागितले होते, ते अशा रीतीने अनेकींना मिळाले.

दरम्यान तो जुना शब्द पुन्हा न्यायालयात उपस्थित झाला. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांनी कलकत्त्यास वकिलीची सनद मागितली. कायद्यात ‘व्यक्ती’ असा शब्द होता, ‘पुरुष’ असा नव्हता. तरीही त्या ‘व्यक्ती’त स्त्री येत नाही, असा निर्णय उच्च न्यायालयाने दिला. सर्वनाम पुल्लिंगी असेल तर स्त्री त्यात बसत नाही, आणि नाम दोन्ही लिंगांचे असले तरीही बसत नाही! १९२१ मध्ये अलाहाबादने कॉर्नेलियाबाईंची नोंदणी केली, आणि १९२३ मध्ये कायदाच करून वकिलीतील स्त्रियांवरील बंदी उठवण्यात आली. ही मात्र सलाफहादच्या मुलींच्या जातीची गोष्ट होती, एकीसाठी नव्हे तर सर्वांसाठी. १९२२ मध्ये, परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून तीस वर्षांनी, छप्पन्न वर्षे वयाला टेकलेल्या बाईंनी ऑक्सफर्डला जाऊन आपली पदवी घेतली. १९२४ मध्ये त्यांनी कलकत्त्यास वकिली सुरू केली. तोवर उमेद ओसरली होती आणि पुरुष वकिलांनी भरलेल्या त्या बारमध्ये कामही बेताचेच मिळाले.

आता त्यांच्या आयुष्यातील ज्या भागाविषयी आपल्या लेखांतून सहसा मौन पाळले जाते, त्याविषयी लिहिले पाहिजे. कॉर्नेलियाबाई स्वराज्याच्या चळवळीच्या विरोधात होत्या. गांधीजींवर त्यांनी टीका केली. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो यांचे मदर इंडिया हे हिंदुस्थानची नालस्ती करणारे पुस्तक निघाले, तेव्हा त्यांनी त्या पुस्तकाची पाठराखण केली आणि त्यामुळे आपल्याच लोकांतील पुष्कळांचे प्रेम गमावले. आधी शिक्षण, आधी सामाजिक सुधारणा, देश अजून तयार नाही, अशी त्यांची धारणा होती. पडद्यातल्या शेकडो बायांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. ते न पाहणाऱ्या पुढाऱ्यांची भाषणे त्यांना पोकळ वाटली असतील, तर ते मला समजू शकते. परंतु अजून तयार नाही, हेच शब्द त्यांनाही प्रत्येक दाराशी ऐकावे लागले होते. मुंबईत, ऑक्सफर्डमध्ये, अलाहाबादेस. ज्या युक्तिवादाशी त्या तीस वर्षे झगडल्या, तोच त्यांनी आपल्या देशबांधवांना ऐकवावा, याचे मला फार वाईट वाटते. त्यांचे चरित्र सांगताना मी हे गाळत नाही. मी ते त्या मुलीपासूनही लपवले नाही. तिने थोडा विचार करून विचारले, की बाई चुकल्या म्हणून त्यांची परीक्षा रद्द होते काय? कायद्याच्या विद्यार्थिनीला शोभेल असाच तो प्रश्न होता.

१९२९ मध्ये त्या निवृत्त होऊन लंडनला राहू लागल्या. १९३४ मध्ये त्यांचे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले. उत्तरायुष्यात दृष्टी अधू होत गेली. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्येच त्यांचा अंत झाला. २०१२ मध्ये लंडनच्या लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला.

त्या रविवारी गप्पा संपल्यावर मुलीने पिशवीतून आपला अर्ज काढला. त्यात तिचे व तिच्या दोन मैत्रिणींचे नाव होते आणि परीक्षेपुरती तीन आठवड्यांची परवानगी मागितली होती. माझ्या टेबलावरची पेन्सिल घेऊन तिने तिन्ही नावे खोडली, तीन आठवडे खोडले, आणि त्या जागी सर्व विद्यार्थिनी असे लिहिले. मग पुन्हा थांबून ‘विद्यार्थिनी’ हाही शब्द खोडला आणि ‘विद्यार्थी’ लिहावे काय, असे मला विचारले. आम्ही दोघी त्यावर बराच वेळ बोललो. पोहे थंड झाले.

अर्ज पुढच्या मंगळवारी दिला गेला. चाळीस सह्या झाल्या असून त्यांतील अकरा मुलांच्या आहेत. उत्तर अजून आलेले नाही, आणि मुलींसाठी ते ग्रंथालय आजही सातलाच बंद होते.